सभागृहात बेडलॅम

दिल्लीच्या न्यूज एजन्सीकडून येणाऱ्या इंग्रजी कॉपीत काही शब्द हंगामी असतात. संसदेचं अधिवेशन सुरू झालं की आधी ‘अपरोअर’ येतो, दोन-तीन दिवसांनी ‘पँडेमोनियम’, आणि आठवडा संपता संपता ‘बेडलॅम’. ही चढती भाजणी कुणी ठरवून दिलेली नाही. पण रात्रपाळीला बसून वर्षानुवर्षं त्या कॉपीचं मराठी करणाऱ्या माणसाला ती आपोआप कळायला लागते. अपरोअर म्हणजे जागेवर उभं राहून आरडाओरडा. पँडेमोनियम म्हणजे मंडळी ‘वेल’मध्ये, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरली. बेडलॅम म्हणजे कागद फाडून भिरकावले गेले, कुणीतरी माइक उपटला, मार्शल धावले आणि अध्यक्ष कामकाज तहकूब करून उठून गेले.

मराठीत या तिन्हींना आमच्याकडे एकच शब्द होता: गदारोळ. कुठल्याही हेडिंगमध्ये बसतो आणि सुरुवात कोणी केली याचा पत्ता लागू देत नाही. ‘गदारोळातच पुरवणी मागण्या मंजूर’ हे हेडिंग एकदा करून ठेवलं असतं तर दर अधिवेशनात नुसतं चिकटवता आलं असतं. ‘गोंधळ’ही चालतो, पण आमच्या चीफ सबना, म्हणजे मुख्य उपसंपादकांना, तो सभागृहासाठी आवडत नसे. गोंधळ हॉलतिकिटांचा होतो, मतदारयाद्यांचा होतो, असं त्यांचं मत. ‘राडा’ शहराच्या पानावर. ‘हाणामारी’ला तर पुरावा लागायचा. ‘हात लागला का कुणाचा कुणाला? नाही ना? मग हाणामारी कशाला लिहितोस? गदारोळ कर,’ असं ते म्हणायचे, आणि आम्ही गदारोळ करायचो.

बेडलॅमपाशी मात्र मी अडून राहिलो. शब्दकोशात बघितलं तर अर्थ सोपा आहे: प्रचंड गोंगाट आणि गोंधळ. पण इंग्रजी बोलणारी माणसं तो कुठे वापरतात आणि कुठे वापरत नाहीत हे बघण्यासारखं आहे. डोक्यातल्या गोंधळासाठी तो चालत नाही. कुठली गाडी पकडायची ते न कळलेला प्रवासी ‘कन्फ्यूज’ झालेला असतो. ज्या प्लॅटफॉर्मवर ऐनवेळी गाडी बदलल्याची घोषणा झाली आणि पाचशे माणसं एकाच जिन्याकडे धावली, तो प्लॅटफॉर्म बेडलॅम. ऑफिसातल्या फायली एकमेकींत मिसळल्या तर तो घोळ, तिथे आवाज नाही. बेडलॅमला जागा लागते, माणसं लागतात आणि आवाज लागतो. पाच वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाची पार्टीही तिकडच्या आयांच्या बोलण्यात बेडलॅम असते. आपला ‘हलकल्लोळ’ त्याच्या बराच जवळ जातो, पण हलकल्लोळात अजून थोडं रणांगण शिल्लक आहे. बेडलॅममध्ये रणांगण नाही. पँडेमोनियम तर पुस्तकातून आलेला शब्द. मिल्टनने १६६७ मध्ये आपल्या महाकाव्यात सैतानांच्या राजधानीला ते नाव दिलं, म्हणजे ते गाव कधी कुणी पाहिलेलं नाही. बेडलॅमला पत्ता आहे. लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन आहे ना, तो.

भाचीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा मुद्दाम तिथे उतरलो. संध्याकाळची वेळ, चर्चगेटला सहा वाजता असते तशी गर्दी, फक्त कुणी कुणाला ढकलत नव्हतं. स्टेशनला लागून असलेल्या हॉटेलच्या भिंतीवर एक निळी पाटी आहे. त्यावर लिहिलंय की पहिलं बेथलेहेम रुग्णालय १२४७ ते १६७६ या काळात इथे होतं. लोक पाटीखालून चालले होते. वाचायला थांबणारा मी एकटाच, आणि माझ्यासाठी थांबावं लागल्यामुळे वैतागलेली भाची.

बेथलेहेम म्हणजे येशूच्या जन्माचं गाव. सायमन फिट्झमेरी नावाचा लंडनमधला एक बडा असामी होता, शेरीफ होऊन गेलेला. त्याने १२४७ मध्ये शहराच्या वेशीबाहेरची आपली जमीन बेथलेहेमच्या चर्चला दान दिली. तिथे मठ उभा राहावा, पवित्र भूमीसाठी दानधर्म गोळा व्हावा आणि बेथलेहेमचा बिशप कधी लंडनला आलाच तर त्याची उतरायची सोय व्हावी, असा हेतू. आपल्याकडे एखाद्या सावकाराने पंढरपूरच्या नावाने गावात धर्मशाळा बांधावी तसंच हे. पुढे त्या मठात आजारी, निराधार माणसं राहायला लागली आणि त्यांतही हळूहळू वेड लागलेली. १४०३ मध्ये राजाने चौकशी लावली, कारण पीटर नावाचा तिथला दारवान धर्मादायातल्या वस्तू लांबवत होता. चौकशीत वेड लागलेली सहा माणसं तिथे असल्याची नोंद झाली. सहाच. त्या काळातली सामानाची यादीही उरली आहे: लोखंडी हातकड्यांचे चार जोड, अकरा साखळ्या, सहा कुलपं आणि पाय अडकवायच्या खोड्यांच्या दोन जोड्या. सहा माणसांना अकरा साखळ्या. सरकारी सामानाच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत, पण इतकी बोलकी दुसरी आठवत नाही.

‘बेथलेहेम’ लंडनकरांच्या जिभेवर झिजून आधी ‘बेथलेम’ झालं, मग ‘बेडलेम’, मग ‘बेडलॅम’. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा शब्द इतका घरोघरी झाला होता की ‘किंग लिअर’मध्ये एडगर जीव वाचवण्यासाठी वेष बदलतो तो ‘बेडलॅमच्या भिकाऱ्या’चा. अंगावर फाटकं, तोंडाने बडबड. प्रेक्षकांना वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. सतराव्या शतकात मग माणसंही बाजूला पडली आणि शब्द नुसत्या गोंगाटाला लागायला लागला.

आता हा गोंगाट नेमका कुणाचा?

लंडनची मोठी आग १६६६ ची. त्यानंतर शहर नव्याने बांधलं जात असताना बेथलेमलाही मूरफील्ड्सच्या मोकळ्या मैदानाकडेला नवी इमारत मिळाली. आराखडा रॉबर्ट हूकचा; शाळेत स्प्रिंगचा नियम शिकवताना ज्याचं नाव येतं तोच हा हूक. १६७६ मध्ये इमारत उभी राहिली. समोरची बाजू साधारण ५४० फूट लांब, खांब, कमानी, कोरीव काम, पुढे बाग. परदेशी पाहुणे म्हणायचे की हा राजवाडाच आहे. फाटकाच्या कमानीवर दोन नागडे दगडी पुरुष आडवे झालेले: एक विषण्ण, दुसरा साखळदंडातला, खवळलेला. शिल्पकार सिबर. राजवाड्याचा पाया मात्र शहराच्या जुन्या खंदकाच्या भरावावर होता. शे-सव्वाशे वर्षांत भिंती तडकल्या आणि इमारत राहण्यालायक नाही असा अहवाल आला. आपल्याकडच्या म्हाडाच्या इमारतींपेक्षा बरीच टिकली म्हणायची.

या राजवाड्यात लोक वेडे बघायला जात. हे चोरून-मारून नव्हे, राजरोस. आत लांबच लांब गॅलऱ्या आणि त्यांच्या कडेला कोठड्या. दारातल्या पेटीत पैसे टाकायचे आणि गॅलरीतून हिंडायचं. व्यवस्थापनाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, उलट देणग्या मिळत. ईस्टरच्या सुट्टीत तर जत्रा भरायची. १७५३ मध्ये ‘द वर्ल्ड’ नावाच्या साप्ताहिकात एका गृहस्थाने लिहिलं आहे की ईस्टरच्या आठवड्यात तो गेला तेव्हा दोन-दोन पेन्स भरून आलेले किमान शंभर लोक कोणाच्याही देखरेखीशिवाय वॉर्डांतून धुडगूस घालत पळत होते आणि आतल्या बिचाऱ्यांची टर उडवत होते. म्हणजे आवाज होता तो बाहेरून आलेल्या शहाण्यांचा. आतले बरेचसे बांधलेले किंवा कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेले.

होगार्थ नावाच्या चित्रकाराने हे चित्रातच पकडलं आहे. एका उधळ्या तरुणाचा ऱ्हास दाखवणारी आठ चित्रं त्याने काढली, १७३५ मध्ये त्यांचे छाप बाजारात आले. मूळ चित्रं लंडनच्या सर जॉन सोनच्या संग्रहालयात आहेत. आठवं चित्र बेडलॅमचं. पुढे तो तरुण उघडाबंब जमिनीवर, कुणीतरी त्याच्या पायात बेडी अडकवतंय. भोवती इतर रुग्ण. आणि गर्दीत मागे उंची कपड्यांतल्या दोन बायका, एकीने तोंडापुढे पंखा धरलेला. पंखा उघडा आहे, पण नजर पंख्याच्या बाजूने बरोबर तिकडेच. मी हे चित्र बघितलं तेव्हा उधळ्यापेक्षा त्या पंख्याकडेच जास्त वेळ बघत होतो. १७७० मध्ये व्यवस्थापनाने हा उघडा दरवाजा बंद केला. मग आत जायला कुणा विश्वस्ताच्या सहीचा पास लागायला लागला.

या इमारतीत राहिलेला एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचा आमच्या हेडिंगांशी सरळ संबंध आहे. जेम्स टिली मॅथ्यूज. चहाचा दलाल. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झालेली, इंग्लंडशी युद्धाची चिन्हं. अशा वेळी १७९२-९३ मध्ये हा दोन्ही देशांत तह घडवण्याच्या खटपटीसाठी पॅरिसच्या वाऱ्या करत होता. ही खटपट खरी होती, त्याच्या कल्पनेतली नव्हे. पण पॅरिसमध्ये सत्ता जहालांकडे गेली, त्यांनी त्याला हेर समजून डांबलं, आणि तीन वर्षांनी सुटून तो लंडनला परतला तेव्हा त्याच्या डोक्यात राजकारण आणि भास यांची वीण पडलेली होती. त्याने मंत्र्यांना पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग १७९६ च्या अखेरीस पार्लमेंटच्या प्रेक्षक गॅलरीतून तो सरकारवर ओरडला: ‘फितुरी!’

त्याला पकडलं आणि जानेवारी १७९७ मध्ये बेडलॅममध्ये टाकलं. वर्षभराने असाध्य रुग्णांच्या वॉर्डात.

आजची एजन्सी असती तर बातमी कशी आली असती ते मला झोपेतही सांगता येईल. गॅलरीतून घोषणा, सुरक्षारक्षकांनी बाहेर काढलं, काही काळ बेडलॅम, कामकाज दहा मिनिटं तहकूब. आणि सभागृहात खाली बसून जे रोज ओरडतात त्यांना कुठेच पाठवलं जात नाही, ते पुढच्या निवडणुकीला उभे राहतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत राजदंड उचलून नेण्याचा तर एक रिवाजच आहे. तसं झालं की आमच्याकडे फोटो पहिल्या पानावर.

मॅथ्यूजचं म्हणणं काय होतं? लंडनच्या जुन्या तटाजवळ एका तळघरात सात जणांची टोळी आहे. तिच्याकडे ‘हवेचा माग’ नावाचं यंत्र आहे. पिंपांत भरलेल्या घाणेरड्या वायूंपासून ते यंत्र अदृश्य लहरी विणतं, आणि त्या लहरी सोडून टोळी माणसांच्या डोक्यात विचार घालते, काढते, वळवते. पंतप्रधानांपासून सगळे मंत्री या यंत्राच्या ताब्यात आहेत, म्हणूनच युद्ध थांबत नाही. टोळीतल्या एकेकाचं त्याने तपशिलात वर्णन केलं आहे. म्होरक्या ‘बिल द किंग’, तो कधी हसत नाही. एक ‘ग्लव्ह वुमन’, यंत्र चालवण्यात तरबेज, कायम हातमोजे घातलेली. आणि ‘जॅक द स्कूलमास्टर’, ज्याचं काम टोळीचं सगळं लघुलिपीत टिपून ठेवण्याचं. कटातसुद्धा त्याने एक वार्ताहर नेमला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

घरच्यांनी हार मानली नाही. १८०९ मध्ये त्यांनी बाहेरचे दोन डॉक्टर आणले, त्यांनी तपासून सांगितलं की हा शहाणा आहे. बेडलॅमचा औषधनिर्माता जॉन हॅसलम चवताळला. त्याने १८१० मध्ये मॅथ्यूजच्या वेडावर अख्खं पुस्तक छापलं, त्यात त्या यंत्राची मॅथ्यूजनेच काढलेली आकृतीसुद्धा दिली. एका रुग्णावर लिहिलेलं इंग्रजीतलं हे पहिलं पुस्तक मानतात. हॅसलमला सिद्ध करायचं होतं ते झालं, मॅथ्यूज आतच राहिला. आणि खरं सांगायचं तर हॅसलम रोगाबद्दल चुकलेला नव्हता; आज कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाने ते वर्णन वाचलं तर तो स्किझोफ्रेनियाच म्हणेल. पण ज्याने तहाची बोलणी खरोखर केली होती, त्याच्या तोंडून निघालेला ‘सरकार मला दाबतंय’ हा शब्दही त्याच खात्यात जमा झाला. कुठलं वाक्य रोगाचं आणि कुठलं माणसाचं, हे वेगळं करायची गरज तिथे कुणाला वाटली नाही.

याच सुमाराला बेडलॅमने मोडकी इमारत सोडायचं ठरवलं आणि नव्या इमारतीच्या आराखड्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. मॅथ्यूज तोवर आतल्या आत नकाशे काढायला शिकला होता. त्याने आपला आराखडा पाठवला, सोबत पानंच्या पानं टिपणं. इतकी वर्षं आत काढलेला माणूस. खिडकी कुठे हवी, वारा कुठून यायला हवा, हे त्याच्याइतकं कोणत्या वास्तुविशारदाला माहीत असणार? विश्वस्तांनी त्याला बक्षीस म्हणून ३० पौंड दिले. सोडलं मात्र नाही. शेवटी १८१४ मध्ये त्याला एका खासगी ठिकाणी हलवलं, जानेवारी १८१५ मध्ये तो गेला. नवी इमारत त्याच वर्षी उघडली.

त्याचा शेजारी होता जेम्स नॉरिस. पेपरवाल्यांनी त्याचं नाव विल्यम छापलं आणि पुष्कळ ठिकाणी अजून तेच आहे. (एकदा छापलेलं नाव मागे घेणं किती अवघड असतं ते आम्हा लोकांना विचारा.) नॉरिस हा अमेरिकन खलाशी-सैनिक. अंगाने दणकट, हात असे की साध्या हातकड्यांतून निसटायचे, आणि एकदोनदा त्याने मारहाण केलेली. म्हणून त्याच्यासाठी खास लोखंड घडवलं. गळ्यात कडी, कडीला वीतभर साखळी, साखळीचं दुसरं टोक जमिनीपासून वर गेलेल्या उभ्या लोखंडी गजावर वरखाली सरकणारं. कमरेभोवती रुंद पट्टी, तिच्यात दोन्ही दंड अडकवलेले. उठता यायचं, पाठीवर पडता यायचं, कूस बदलता यायची नाही. एडवर्ड वेकफील्ड नावाचा समाजसेवक १८१४ मध्ये तिथे पोचला तेव्हा या अवस्थेला दहाएक वर्षं झाली होती. वेकफील्डने खासदारांना नेऊन दाखवलं, चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि ते चित्र इंग्लंडभर फिरलं. पुढच्या वर्षी पार्लमेंटची समिती बसली. समितीपुढे साक्षीत आलं की हा माणूस रोज वर्तमानपत्र वाचतो, पुस्तकं वाचतो आणि युद्धाच्या बातम्यांवर अगदी नीट बोलतो. समितीचं कामकाज सुरू होईतो नॉरिस मरण पावला होता. मॅथ्यूजची टिपणंही समितीपुढे आली. १८१६ मध्ये हॅसलमची नोकरी गेली आणि मुख्य डॉक्टर थॉमस मन्रोचीही. मन्रोच्या जागी त्याचा मुलगा आला. घराणं १७२८ पासून तिथे होतं, शहाण्यांच्या संस्थांत असं चालतं.

आपण हे दोनशे वर्षांपूर्वीचं, विलायतेतलं म्हणून वाचतो. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एर्वाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली. मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ जण गेले. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही असं स्पष्ट शब्दांत लिहिलेला कायदा आपल्याकडे २०१७ चा आहे.

बेडलॅमची पुढची गोष्ट थोडक्यात. १८१५ ची इमारत थेम्सच्या दक्षिणेला. १९३० मध्ये रुग्णालय तिथूनही उठून बेकनहॅमला गेलं, आणि आजही तिथे सरकारी रुग्णालय म्हणून नीट चालू आहे. सिबरचे ते दोन दगडी पुरुष आता तिथल्या संग्रहालयाच्या जिन्यावर आहेत. मागे राहिलेली जागा लॉर्ड रॉदरमिअर या वर्तमानपत्राच्या मालकाने घेतली, आईच्या नावाने बाग केली, इमारतीच्या बाजू पाडल्या आणि घुमटाचा मधला भाग ठेवला. तिथे १९३६ पासून युद्धाचं संग्रहालय आहे. दाराशी युद्धनौकेवरच्या पंधरा इंची दोन तोफा. भाचीची मुलं तोफांवर चढायला बघत होती.

मराठीत असं झालंय का, की जागेचं नाव गोंधळाला चिकटलं? ‘अनागोंदी’चा संबंध तुंगभद्रेकाठच्या आनेगुंदीशी जोडतात; विजयनगर गेलं, वैभव गेलं, नाव तेवढं कारभाराच्या नावाने बोटं मोडायला उरलं. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ मध्ये तर अख्खं साम्राज्य अडकलेलं आहे. आणि गोंधळ. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात तो जवळून बघितलेल्याला त्याच्याइतकी शिस्तीची गोष्ट सापडायची नाही: चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं, आणि गोंधळी एकेका देवाला गावाच्या नावानिशी बोलावतोय, तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, कुणी राहायला नको. घातला तर पुण्य आणि त्याच क्रियापदाने सभागृहात घातला तर निलंबन.

पण बेडलॅमचा खरा सख्खा भाऊ वेगळा आहे. मुंबईच्या बाजूला तो ‘ठाण्याला पाठवा’ असा येतो, पुण्याच्या बाजूला ‘येरवड्याला’. येरवड्यात जेलही असल्याने तिथे निदान संशयाचा फायदा मिळतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. शहर त्याच्या भोवती वाढत गेलं, तलावांचं झालं, टॉवरांचं झालं, पण विनोद जागचा हलला नाही. आमच्या डेस्कवर एक जण ठाण्याचा होता. त्याने कुठे वाकडं हेडिंग केलं की कुणीतरी म्हणायचंच, याला ठाण्याला पाठवा रे. तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, ‘बारा बावन्नची मिळाली तर जातोच.’

मी या विनोदावर कधी हसलो नाही, आणि त्याचं कारण डेस्कवर कुणाला सांगितलंही नाही. आमचे मोठे काका, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते ठाण्याला होते. ठाण्याला म्हणजे तिथे. आम्ही पेणला राहायचो. काकू महिन्यातून एकदा एसटीने जायची, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. अण्णांना ती घरी शिळा झालेला पेपरही न्यायची, कारण ते पहिलं ते मागायचे. मी लहान असताना एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. आवाज होता तो झाडांवरच्या कावळ्यांचा आणि ओसरीवर रजिस्टर भरणाऱ्या शिपायाचा, जो प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून लिहीत होता. अण्णांनी मला कितवीत आहेस ते विचारलं आणि सातवीत म्हटल्यावर भूगोलाचे तीन प्रश्न घातले.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे: ठाणे या नावाने आमच्या घराला जेवढं टोचलं तेवढीच सावलीही दिली. इंग्रजीत कुणी ‘ते बेडलॅममध्ये असतात’ म्हटलं तर लपायला जागाच नाही. ठाण्याला मात्र लाखो लोक राहतात, नोकऱ्या करतात, लोकल पकडतात. ‘असतात’ हे क्रियापद आपल्याकडे फार सोशिक आहे. मुलगा पुण्याला असतो, जावई बडोद्याला असतात. काकूने हे कुणाकडून शिकून घेतलं नव्हतं, पण ती ते वाक्य असं सहज टाकायची की पुढचा माणूस पानाला चुना लावत पुढच्या विषयाकडे वळायचा.

ताईला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट. मुलाचे मामा चौकस. भिंतीवरच्या फोटोतली एकेक माणसं विचारून झाली, आणि शेवटी त्यांनी फेटेवाल्या अण्णांवर बोट ठेवलं.

‘हे दिसले नाहीत कुठे?’

‘हे ठाण्याला असतात,’ काकू म्हणाली.

‘अरे वा! आमचे साडू ठाण्यालाच. नौपाड्यात. यांचं कुठे?’

‘स्टेशनपासून फार लांब नाही.’

‘बरं आहे. नोकरी?’

‘सरकारी आहे,’ काकू म्हणाली, आणि पोह्यांवर खोबरं घालायचं राहिलंय म्हणून आत गेली.